आत्याचा पडदा जागा होत नाही

३ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

डोंगरावर नीट पोचलीस का, थंडी किती आहे, स्वेटर घातलास का, हे सगळं मी विचारलं असं समज आणि उत्तरं देत बसू नकोस. आधी माझ्या कॉम्प्युटरचं बघ. तू शनिवारी गेलीस आणि रविवारी सकाळपासून त्याचा पडदा काळा आहे. बटण दाबलं की दिवा हिरवा होतो, पडद्यावर तीन शब्द उमटतात, 'पॉवर सेव्हिंग मोड', आणि मग दिवा नारिंगी होऊन लुकलुकत बसतो. पडदा गुडुप. मी दहा मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत बसले. चहा पिऊन आले, पुन्हा बसले. ढिम्म हलत नाही.

वीज वाचवायला माझी ना नाही. पण मी समोर बसलेली असताना याने खुशाल झोपायचं म्हणजे काय? छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. ड्यूटीवर डुलकी काढणारी एकच ऑपरेटर पाहिली, आणि ती मी नव्हते.

मी कशालाही हात लावलेला नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण तू पहिलं तेच विचारणार.

चौकातल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणतो, कॉम्प्युटरचा डबा आणून टाका, महिना लागेल, कदाचित आतलं सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. मी म्हटलं, पुसायचंच असेल तर तुझ्या दुकानातली जळमटं पूस. आणि निघून आले. आता तुझ्याशिवाय कोणी नाही, आणि तुझ्या त्या वेधशाळेत फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

थट्टा पुरे. आमच्या मोठ्या बाई तुला आठवतात ना? एक्स्चेंजच्या सुपरवायझर, तुला लहानपणी 'फार बोलते ही' म्हणाल्या होत्या त्या. गेलं वर्षभर दर मंगळवारी त्या सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. एक्स्चेंजची सगळी हकिगत, एकशे चाळीस पानं झाली. ती सगळी त्या डब्यात आहेत आणि कागदावर एकही नाही. बाईंचं विसरणं आता आठवड्या-आठवड्याने वाढतंय. दोन मार्चला त्यांचा मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार आहे, विमानाने, समुद्रापलीकडे. त्याआधी मला सगळं त्यांना वाचून दाखवायचंय. तसा शब्द दिलाय मी. त्या गेल्यावर पडदा उजळला तरी वाचून दाखवू कुणाला?

लवकर उत्तर पाठव.

तुझी आत्या


५ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार. साष्टांग घातला असता, पण खोलीत एक खाट, एक टेबल आणि वाऱ्याचा वेग मोजायच्या यंत्राचं खोकं आहे. त्यामुळे उभ्यानेच.

टपालाची जीप दर बुधवारी येते आणि तासभर थांबते. तेवढ्या तासात तुझं पत्र वाचून, हसून, आता उत्तर लिहितेय. खिडकीतून ड्रायव्हर घड्याळ दाखवतोय, म्हणून मुद्द्याचं बोलते.

पहिली गोष्ट, घाबरू नकोस. मॉनिटर बिघडलेला नाही. बिघडला असता तर दिवाही लागला नसता आणि ते तीन शब्दही उमटले नसते. तो चित्राची वाट बघतोय. चित्र पाठवायचं काम डब्याचं. डब्याकडून काही येईना म्हणून मॉनिटर कंटाळून झोपला. तुझ्यासमोर बसून कंटाळलेला तो पहिला नाही. (मी चार मैल चढून आलेय, मला आता काही करू शकत नाहीस.)

आता ऑर्डर. कीबोर्डवरची दोन-चार बटणं दाब, माउस हलव. जागा नाही झाला तर डबा नीट बंद कर, भिंतीवरचं बटणही बंद कर, पाच मिनिटं थांब आणि पुन्हा सुरू कर. त्यानंतर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाब. त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का बघ. तसं होत असेल तर डबा जागा आहे आणि बाईंची पानं शाबूत आहेत.

मग मागची वायर. मॉनिटरमधून निघालेली निळ्या तोंडाची वायर डब्याच्या मागे एका खाचेत बसते, दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू. ती घट्ट आहे का बघ. तिला बसायला जागा एकच आहे, तेव्हा चुकायचा प्रश्न नाही. बाकी कशाला हात लावू नकोस.

'मी कशालाही हात लावलेला नाही' हे वाक्य मी नोकरीत पुष्कळदा ऐकलंय. दर वेळी ते हात लावलेल्या माणसानेच म्हटलेलं असतं. पण तू माझी आत्या आहेस, म्हणून विश्वास ठेवते.

स्वेटर घातलाय.

खार


९ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद, पण या खेपेला जरा कमी.

कंटाळलेला पहिला नाही काय? खाली उतरशील तेव्हा बघते तुझ्याकडे.

सांगितलंस ते सगळं केलं. बटणं दाबली. माउस इतका फिरवला की शेजारीण म्हणाली, पुसताय का टेबल? डबा बंद केला, भिंतीवरचं बटण बंद केलं. पाच मिनिटं सांगितलीस, मी सात थांबले. कॅप्स लॉकचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. म्हणजे डबा जागा आहे आणि पानं आहेत, हे वाचून आधी जीव भांड्यात पडला. पण आहेत आणि दिसत नाहीत, हे त्याहून वाईट. दाराआड माणूस उभा आहे, खोकतोय, आणि दार उघडत नाही.

टेबल भिंतीपासून ओढायला शेजारणीला बोलावलं. तिने एक बाजू धरली, मी एक. ओढता ओढता तिने तिच्या जावयाची पूर्ण कहाणी सांगितली. वायर घट्ट आहे. स्क्रू पिळताना नख तुटलं माझं, इतकी घट्ट आहे. नसायला काय झालं? रोज काढते-घालते मी, हाताला सवय आहे.

मंगळवारी बाईंकडे गेले होते. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, 'या, बसा ना ताई.' अगं, या बाईने इतक्या वर्षांत मला एकदाही बसा म्हटलं नाही. कायम अगं-तुगं, कायम झापणं. त्या दिवशी इतक्या आदराने बोलल्या की मला तिथेच रडू आलं. त्यांना वाटलं माझ्या डोळ्यात काही गेलं, म्हणून त्यांनी रुमाल दिला.

पुढचं काय करू ते सांग.

आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

मागच्या बुधवारी रस्त्यावर दरड आली आणि जीप अर्ध्यातून परत गेली, म्हणून तुझं पत्र आज हातात पडलं. तू खाली बसून माझ्या नावाने बोटं मोडत असशील, त्यात दरडीचीही चूक होती हे लक्षात घे.

बाईंचं वाचून मला कसंसंच झालं. तुला एकटीला जावं लागतं दर मंगळवारी.

आता मला सांग. 'रोज काढते-घालते मी.' हे वाक्य तुझंच ना? तुझ्याच अक्षरात आहे. मी ते आमच्या प्रमुखांनाही दाखवलं. ते तीस वर्षं पावसाचे अंदाज सांगतायत, सहसा कशाने हलत नाहीत, पण तेही म्हणाले, 'रोज?' आत्याबाई, कोणी सांगितलं होतं तुला रोज वायरी काढायला? आणि पहिल्या पत्रात काय लिहिलं होतंस? मोठ्या अक्षरात कबुलीजबाब पाठव.

बरं, एक कर. टेबल ओढलेलंच असेल तर डब्याच्या मागे बघ, निळी वायर बसलीय तशीच अजून एखादी खाच दिसते का. सहज विचारतेय. असेल तर कळव, लगेच काही करू नकोस. मला जरा विचार करायचाय.

खार


२२ फेब्रुवारी

खारे,

आज आशीर्वाद नंतर.

कबुलीजबाब घे. एक्स्चेंजमध्ये ड्यूटी संपली की बोर्डावरची एकेक कॉर्ड, म्हणजे जोडणीची वायर, जॅकच्या खाचेतून काढून जागेवर ठेवायची आणि मगच उठायचं. एक जरी लोंबत राहिली तरी मोठ्या बाई जिन्यातून परत बोलवायच्या. ती सवय मोडत नाही. म्हणून मी संध्याकाळी कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढते आणि सकाळी घालते. तू इथे असलीस की हात आवरते, तुला सांगितलं नाही, कारण तू ओरडशील. ओरड. सात वर्षं करतेय आणि सात वर्षांत कधी काही झालं नाही.

आणि आता तुझं. खाचा दोन आहेत! एक वर, पहिल्यापासूनची, जिच्यात मी डोळे मिटून वायर घालते. आणि खाली एक, अगदी तशीच, नवीकोरी, चकचकीत, जिच्यावर धूळसुद्धा नाही. पहिल्या पत्रात तू छातीठोक लिहितेस जागा एकच आहे, आणि आता म्हणतेस सहज विचारतेय. मी माणसांचे आवाज ऐकून पोट भरलंय. 'सहज' म्हणणारा माणूस कधी सहज नसतो. ही दुसरी खाच कुठून आली?

खालच्या खाचेत मी वायर घातलेली नाही. तू नको म्हणालीस म्हणून नव्हे. नाव न लिहिलेल्या जॅकमध्ये ऑर्डरशिवाय कॉर्ड घालायची नाही, हा आमचा पक्का नियम होता. एका नव्या पोरीने घातली होती एकदा, तर एक बाई पाच मिनिटं अग्निशमन दलाला लग्नाचं आमंत्रण देत होती. एकशे चाळीस पानं त्या डब्यात असताना मी अंदाजाने काही करणार नाही.

पण बाईंना जायला आठच दिवस उरलेत. म्हणून आज तुमच्या शहरातल्या ऑफिसला फोन केला. तिथला वायरलेसवाला आधी म्हणाला, वायरलेस फक्त हवामानासाठी आहे. मी त्याला सांगितलं, बाळा, मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवलेत, माझा एक पोचव. निरोप घेतला त्याने. आवाजावरून चांगल्या घरचा वाटला.

मला भीती वाटतेय गं. मंगळवारी बाई खिडकीकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांना स्वतःचं आडनाव आठवायला वेळ लागला.

आशीर्वाद आहेतच.

आत्या


२६ फेब्रुवारी

ती. आत्यास, आज खरोखर साष्टांग. खोकं बाहेर काढलं आणि घातला.

सोमवारी सकाळी साडेआठचं बुलेटिन चालू होतं. वारा, आर्द्रता, ढग, आणि मग त्याच सुरात, 'खार यांना आत्याकडून. खाचा दोन आहेत. खुलासा करावा.' खोलीत आम्ही चौघं होतो. प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि नोंदवहीत 'इतर घटना' या रकान्यात ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. आता सरकारदरबारी तुझ्या खाचांची नोंद आहे. उत्तर वायरलेसवर द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, खुलासा लांबलचक दिसतोय, पत्राने करा.

करते. सुट्टीत तुझ्याकडे होते तेव्हा मी डबा उघडून आत एक कार्ड बसवलं. चित्र पाठवायचं काम आता ते कार्ड करतं आणि खालची खाच त्याची आहे. कार्ड बसलं की वरची जुनी खाच आपोआप बंद पडते. मी जाताना वायर खालीच होती. त्या रात्री तू ती काढलीस आणि सकाळी सवयीने वर घातलीस. वायर खाली घाल, बस, पडदा उजळेल.

कार्ड कशाला बसवलं? गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला. जुन्या डब्यावर तो चालत नव्हता. तू दुपारी झोपायचीस तेव्हा मी खेळायचे, आवाज बंद करून. मी एकतीस वर्षांची आहे, मला माहीत आहे, लिहू नकोस.

पहिल्याच पत्रात हे लिहायला हवं होतं. मला वाटलं वायर सैल असेल, तेवढ्यावर भागेल आणि तुला कळणारच नाही. माझ्या लपवाछपवीत तुझे तीन आठवडे गेले, आणि ते बाईंचे होते. मला माफ कर आत्या. हे पत्र शुक्रवारपर्यंत मिळेल आणि वाचायला एकच दिवस उरेल. मला इथे काही सुचत नाहीये.

खार


२८ फेब्रुवारी

चि. खारूताईस भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता आलं. डोळे पूस आणि वाच. पडदा मंगळवारीच उजळला.

झालं असं. मंगळवारी बाईंच्या घरी सामान बांधणं चालू होतं आणि सगळ्यांच्या पायात त्या. म्हणून सूनबाई त्यांना माझ्याकडे सोडून गेली. मी त्यांना कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं, कारण माझ्याकडे पाठ टेकायची खुर्ची तेवढीच आहे. टेबल अजून भिंतीपासून ओढलेलंच होतं. सवयीने मी मशीन सुरू केलं, तीन शब्द उमटले, दिवा लुकलुकायला लागला आणि मी चहा टाकायला आत गेले.

आणि बाहेरून आवाज आला. 'अगं ए! हा दिवा कधीचा लुकलुकतोय? कोणीतरी लाइनवर ताटकळत बसलंय आणि तू चहा उकळतेयस?'

हातातली गाळणी पडली माझी. मी धावत बाहेर आले. बाई उठून टेबलामागे उभ्या होत्या, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, बाई, उत्तरच येत नाही. त्या म्हणाल्या, 'कसं येईल? मेलेल्या जॅकमध्ये कॉर्ड घालून ठेवलीयस. त्याच्यावर ओरडून काय होणार? जॅक बदल.' मी तो आपला नियम सांगायला लागले, की नाव नसलेल्या जॅकमध्ये ऑर्डरशिवाय कॉर्ड घालायची नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा एकोणीस वर्षांची झाले. म्हणाल्या, 'मग मी काय मेले? ही ऑर्डर.' आणि स्वतःच्या हाताने दोन्ही स्क्रू सोडवले, वायर काढली, खालच्या खाचेत घातली, स्क्रू पिळले. त्यांची बोटं हल्ली चहाचा कप धरताना थरथरतात. तेव्हा जरासुद्धा थरथरली नाहीत.

पडदा उजळला. मी त्यांना मिठी मारली. 'ड्यूटीवर हे काय,' म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. पाच मिनिटांनी मला विचारलं, 'ताई, तुमचं घर छान आहे, तुम्ही एकट्याच राहता का?'

तेव्हा तू उगाच स्वतःला बोल लावू नकोस. तू खरं लगेच लिहिलं असतंस, तर मी वायर बदलली असती आणि मोकळी झाले असते. माझ्या बाईंच्या तोंडून शेवटचं झापून घ्यायचं राहिलं असतं. कार्डाबद्दल मात्र मी रागावलेली आहे. दुपारी मी झोपत नाही, नुसती पडते. एवढी मान वाकडी करून तू काहीतरी बघतेस ते मला माहीत होतं. मला वाटलं ऑफिसचं काम.

मंगळवार, बुधवार आणि काल, तिन्ही दिवस वाचलं. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस पानं झाली. मध्ये मध्ये बाई डुलक्या घेत होत्या, मध्ये मध्ये हसत होत्या. एका पानावर पडद्याकडे वाकून म्हणाल्या, 'ही टाइप करणारी स्पेलिंगला कच्ची आहे.' समोर मीच होते. परवा सकाळी त्या जातील. मी निरोप द्यायला जाणार आहे आणि रडणार नाही असं ठरवलंय. बघू.

काल शेवटी सुईणीची गोष्ट वाचली. तुला ही माहीत नाही. एका दुपारी लांबच्या खेड्यातून एका सुईणीचा फोन आला. बाळ आडवं आलंय, डॉक्टर द्या. डॉक्टरांच्या गावाला जाणारी लाइन एकच, आणि तिच्यावर आमचे मोठे साहेब त्यांच्या मेव्हण्याशी गप्पा मारत होते. बाईंनी साहेबांची कॉर्ड वाक्याच्या मध्येच उपटली आणि सुईणीला डॉक्टर जोडून दिले. डॉक्टर तिकडून सांगत होते, सुईण इकडून ऐकत होती, आणि बाई बावीस मिनिटं लाइन धरून बसल्या. साहेब तणतणत जिना चढून आले. बाईंनी त्यांना नुसत्या बोटाने गप्प केलं. आणि मग बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा आपल्या कानाचा इयरफोन काढून साहेबांच्या कानाला लावला. साहेब इयरफोन परत देऊन खाली गेले.

मी वाचायची थांबले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'कोण गं ही?'

मी म्हटलं, 'आमच्या सुपरवायझर होत्या.'

'मग? नोकरी गेली का तिची?'

'नाही, नाही गेली.'

'बरं झालं,' म्हणाल्या. चष्मा पुसला. मग म्हणाल्या, 'मला आवडली. भेटायला हवं हिला एकदा.'

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, 'मी घालून देते ना ओळख.'

'लवकर घालून दे,' त्या म्हणाल्या. 'माझ्या हल्ली लक्षात राहत नाही.'

तुझी आत्या